राज्य गेलेल्या राजाचा वकील: रंगो बापूजी गुप्ते

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीची मोठी कचेरी होती. कंपनीचे भागधारक तिथे सभेला जमत. भाग हातात असेल त्याला मत असे आणि त्या मतांवर हिंदुस्थानातल्या राजांचे प्रश्न मार्गी लागत किंवा रखडत. 1840 ते 1853 या काळात या कचेरीच्या कारकुनांना एक मराठी माणूस चांगला ओळखीचा झाला होता. सातारचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराज यांचा तो वकील. नाव रंगो बापूजी गुप्ते.

जवळजवळ चौदा वर्षं हा माणूस लंडनमध्ये ठाण मांडून बसला. ज्या राजाने पाठवलं तो काशीला नजरकैदेत वारला, ज्या राज्यासाठी भांडायचं ते राज्यच नकाशावरून गेलं, हातातले पैसे संपले, डोक्यावर कर्ज झालं. तरी अर्ज लिहिणं थांबलं नाही. शेवटी घरी परतल्यावर तीन-चार वर्षांत 1857 उजाडलं. त्या वर्षी त्यांचा मुलगा फासावर गेला आणि रंगो बापूजी स्वतः कायमचे दिसेनासे झाले.

सातारा, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर, गोवा हा सगळा पट्टा या एका माणसाच्या कहाणीत येतो. म्हणून ती सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी माणसाने नीट वाचावी अशी आहे.

वकील म्हणजे कोण?

आज वकील म्हटलं की काळा कोट आणि कोर्टाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे येतात. मराठेशाहीत वकील म्हणजे राजदूत. दुसऱ्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने राहायचं, तिथल्या हालचाली कळवायच्या, पैशाची देवघेव सांभाळायची, वेळ पडली तर तहाची बोलणी करायची, हे त्याचं काम. दिल्लीला हिंगणे घराण्याने पेशव्यांची वकिली केली. हैदराबादेत निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. त्यांच्या पत्रांवरच आज आपल्याला तो काळ कळतो.

लंडनला मराठी वकील जाण्याचीही ही पहिली वेळ नव्हती. रघुनाथराव पेशव्यांनी हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला तिकडे पाठवलं होतं. 1781 मध्ये त्यांची आणि त्यांच्याबरोबरच्या पारशी सोबत्यांची राहण्याची अडचण झाली, तेव्हा एडमंड बर्क या नामांकित खासदाराने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं आणि सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून वेगळी जागाही दिली.

पण तेव्हा पाठीमागे पुण्याचं राज्य होतं, फौज होती. फौज पाठीशी असली की वकिलाचा शब्द ऐकला जातो. रंगो बापूजींच्या पाठीशी यातलं काही नव्हतं.

कारीचं घराणं

गुप्ते घराणं मूळचं भोरजवळच्या कारी गावचं. रोहिडखोऱ्याचं देशपांडेपण त्यांच्याकडे होतं. शिवाजी महाराजांनी स्वराज्याचा डाव मांडला तेव्हा पहिल्या साथीदारांत जे दादाजी नरस प्रभू होते, ते याच घराण्यातले. म्हणजे रंगो बापूजींच्या घरात छत्रपतींची चाकरी दोनशे वर्षं चालत आलेली होती. सातारच्या गादीशी त्यांचं नातं पगाराच्या पलीकडचं होतं, हे पुढच्या सगळ्या हकिगतीत लक्षात ठेवायला हवं.

सातारचं नवं राज्य

1818 च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. पेशवाई बुडाली, पण मराठी मुलुख शांत राहावा म्हणून इंग्रजांनी छत्रपतींना सातारला राज्य दिलं. 25 सप्टेंबर 1819 रोजी तह झाला. उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री आणि पूर्वेला पंढरपूर-विजापूरपर्यंत अशा हद्दी ठरल्या. आज कर्नाटकात असलेलं विजापूर शहर 1848 पर्यंत सातारच्या राज्यात होतं, हे आज अनेकांना माहीत नसतं. औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटकर भोसले आणि वाईचे शेख मिरा हे जहागीरदार सातारच्या छत्राखाली आले.

याच तहात एक कलम होतं. राजाने रेसिडेंटच्या माहितीशिवाय बाहेरच्या कुणाशीही पत्रव्यवहार ठेवायचा नाही. थोडक्यात, स्वतःचे वकील पाठवायचा हक्क राजाने सोडून द्यायचा. पुढे सगळं रामायण याच कलमावरून झालं.

पहिला रेसिडेंट ग्रँट डफ. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. 1822 मध्ये त्याने कारभार महाराजांच्या हाती सोपवला. प्रतापसिंहांनी तो नेटाने चालवला. रस्ते केले, शाळा काढल्या, शहराला पाणी आणलं, छापखाना आणला. कामाचा उरक इतका चांगला होता की 1835 मध्ये कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी त्यांना तलवार आणि गौरवाचं पत्र पाठवलं. मुंबई सरकारने ते पत्र महाराजांना दिलंच नाही.

भांडण कशावरून?

मूळ वाद जहागिरींचा. एखादा जहागीरदार मेला आणि त्याला वारस नसला तर जहागीर कोणाकडे जायची? तह वाचून महाराज म्हणत होते की आमच्याकडे. मुंबई सरकारला ते मान्य नव्हतं. प्रश्न लंडनला गेला. संचालकांचं मत महाराजांच्या बाजूने पडलं. तेही मुंबईकरांनी दाबून ठेवलं. रेसिडेंट दाद देत नाही, मुंबई दाद देत नाही, मग मालकाकडेच जावं, असं महाराजांच्या मनाने घेतलं. लंडनला माणसं पाठवायची खटपट सुरू झाली. सय्यद मीर अफझल अली हे त्यातले आधीचे वकील. मुंबई सरकारला हे फार झोंबलं.

तोवर सातारात दुसरं कारस्थान शिजत होतं. बाळाजीपंत नातू, पेशवाई बुडवताना इंग्रजांना ज्यांचा मोठा उपयोग झाला तेच, महाराजांच्या विरोधात होते. 1836 पासून महाराजांवर एकामागून एक आरोप येऊ लागले. आरोप तीन होते. इंग्रजांच्या 23 व्या पलटणीतल्या सुभेदारांना फितवलं, हा पहिला. नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले तेव्हा जोधपूरला आश्रयाला होते, त्यांच्याशी संधान बांधलं, हा दुसरा. तिसरा सगळ्यात रंगतदार, आणि तो गोव्याचा.

गोव्याची तीस हजार फौज

आरोप असा की महाराजांनी गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर डॉम मॅन्युएल द पोर्तुगाल ई कास्त्रो यांच्याशी वर्षानुवर्षं गुप्त पत्रव्यवहार केला. पोर्तुगालहून तीस हजार गोरी फौज आणायची आणि इंग्रजांना हिंदुस्थानातून हाकलायचं असा बेत. या पत्रव्यवहारात बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरच्या मठाच्या स्वामींचंही नाव गोवलं गेलं.

थोडा हिशेब केला तरी हे टिकत नाही. त्या काळी पोर्तुगालमध्ये दोन भावांच्या गादीवरून यादवी चालली होती. त्या देशाला स्वतःचं घर सांभाळता येत नव्हतं. गोव्यात पोर्तुगिजांची शिबंदी बेताची होती. तीस हजार माणसं आणायला जहाजं कोण देणार, त्यांना खायला कोण घालणार, पगार कुठून येणार? सातारच्या राजाच्या वार्षिक उत्पन्नात असली फौज एक वर्षही पोसली गेली नसती. डॉम मॅन्युएल यांनी पुढे पोर्तुगालहून हा पत्रव्यवहार साफ नाकारला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बाकीच्या पुराव्यांची तऱ्हाही अशीच. महाराजांचे दिवाण गोविंदराव यांच्या आईच्या नावाचा एक अर्ज सरकारकडे आला होता आणि त्यावर मोठी भिस्त होती. नंतर निघालं की तो अर्ज त्या बाईचा नव्हताच, कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने तो केला होता. काही कागद तर पैसे मोजून मिळवलेले होते.

महाराजांना आरोपांची प्रत मिळाली नाही, साक्षीदारांची उलटतपासणी करता आली नाही, उघड चौकशी झाली नाही. रंगो बापूजींनी पुढे लंडनमध्ये हाच मुद्दा सोडला नाही. राजा निर्दोष आहे हे ते सांगत होतेच, पण त्याहून जास्त जोर चौकशी करा या मागणीवर होता. चौकशीत दोष दिसला तर शिक्षा द्या, पण आधी ऐकून तर घ्या.

सहीला नकार

1839 च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक सातारला आला. त्याने महाराजांपुढे तोड ठेवली. एका कागदावर सही करा, चुकलो असं मान्य करा, नव्या अटी पाळा, गादी तुमचीच राहील. महाराजांनी सही केली नाही. केली असती तर राज्य वाचलं असतं. पण न केलेला गुन्हा लिहून द्यायचा हे त्यांना जमणारं नव्हतं.

5 सप्टेंबर 1839 च्या पहाटे रेसिडेंट कर्नल ओव्हान्सने फौज आणून महाराजांना वाड्यातून बाहेर काढलं. गादीवर त्यांचे धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब यांना बसवलं. प्रतापसिंहांची रवानगी काशीला झाली. वाटेत त्यांचे चुलतभाऊ बाळासाहेब सेनापती वारले. त्यांच्या मुलाला महाराजांनी पुढे दत्तक घेतलं.

आता कायद्याने पाहिलं तर प्रतापसिंहांना राज्य नव्हतं, खजिना नव्हता, शिक्का नव्हता. उरला होता तो फक्त वकील.

लंडनमधला मुक्काम

तेव्हा सुएझचा कालवा नव्हता आणि तारही नव्हती. लंडनहून टाकलेलं पत्र काशीला पोचून त्याचं उत्तर परत यायला महिनोन् महिने लागत. धन्याला विचारून पाऊल टाकायची सोय नव्हती, जे काय ठरवायचं ते वकिलालाच. यशवंतराव राजेशिर्के आणि भगवंतराव विठ्ठल हेही वकील म्हणून तिथे होते. काही काळाने बाकीचे परतले. रंगो बापूजी राहिले.

इंग्रजी त्यांना तिथे गेल्यावर शिकावी लागली. इंग्रजांचं राज्य कसं चालतं हेही शिकावं लागलं. कंपनीचे संचालक वेगळे, त्यांच्यावर सरकारचं बोर्ड ऑफ कंट्रोल वेगळं, भागधारकांची सभा वेगळी, पार्लमेंट त्याहून वेगळं. एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही हे चक्र समजावून सांगायला नको.

रंगो बापूजींनी चारही दारं ठोठावली. भागधारकांच्या सभेचा मार्ग त्यांनी सगळ्यात जास्त वापरला. कंपनीच्या नियमाप्रमाणे एक हजार पौंडांचे भाग असतील त्याला एक मत, दहा हजारांचे असतील त्याला चार मतं. सातारच्या छत्रपतींचा निवाडा शेअरच्या संख्येवर व्हायचा, अशी ही रीत. पण त्या सभेत बोलणाऱ्याला कोणी थांबवू शकत नव्हतं आणि बोललेलं वर्तमानपत्रांत छापून येत होतं. म्हणून ती सभा रंगो बापूजींना कामाची होती.

त्यांनी माणसं जोडली. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत गाजलेले वक्ते जॉर्ज थॉम्पसन सातारच्या बाजूने उभे राहिले आणि तासन् तास बोलले. जोसेफ ह्यूम हे हिशेबात कडक म्हणून प्रसिद्ध असलेले खासदार त्यांनाही पटवलं. त्याहून वजनदार साक्ष होती ती सातारात नोकरी केलेल्या इंग्रजांचीच. जनरल ब्रिग्ज, जनरल रॉबर्टसन आणि जनरल लॉडविक हे तिघेही सातारला रेसिडेंट राहिलेले. महाबळेश्वरच्या लॉडविक पॉइंटला ज्याचं नाव आहे तोच हा लॉडविक. आरोपांची पहिली चौकशी त्याच्याच वेळी झाली होती. पुढे लंडनला त्यानेच महाराजांवर अन्याय झाल्याचं मांडलं. राजाला जवळून पाहिलेली माणसं राजाच्या बाजूने आणि मुंबईत बसलेली माणसं विरोधात, असं चित्र तयार झालं. ते तयार करण्यात रंगो बापूजींची मेहनत होती.

सभा झाल्या, ठराव आले, मतं मोजली गेली. दरवेळी ठराव पडला. सातारच्या प्रकरणाचे कागद पार्लमेंटने छापून काढले, त्यांचे मोठे ग्रंथ झाले. चर्चा भरपूर झाली. न्यायाचं दार मात्र उघडलं नाही, कारण ते उघडायचं तर मुंबईच्या दोन-तीन गव्हर्नरांनी चूक केली असं मान्य करावं लागलं असतं.

जमाखर्च

वकिली म्हणजे खर्च. घरभाडं, छपाई, कारकून, भाषांतर, टपाल, गाडीभाडं आणि इंग्रजी वकिलांची फी. लंडनची थंडी मराठी माणसाला सोसायची तर कोळसा आणि लोकरीचे कपडे आलेच. पैसा येणार तो काशीहून, महाराजांना मिळणाऱ्या नेमणुकीतून आणि जवळच्या किडूकमिडूकातून. समोर उभी होती ती अख्ख्या हिंदुस्थानचा महसूल गोळा करणारी कंपनी. तिला वेळ काढायचा होता आणि वेळ काढायला तिला काही पडत नव्हतं. रंगो बापूजींना मात्र प्रत्येक महिना पैशात मोजावा लागत होता.

या लढाईत खरी विषमता इथे होती. कंपनीला खटला जिंकायची गरजच नव्हती. तो लांबला तरी पुरे होतं.

सहा महिन्यांत दोन मृत्यू

1847 साली ह्यूमने सातारचा प्रश्न पार्लमेंटमध्ये मांडला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला प्रतापसिंह महाराज काशीला वारले. ज्याच्या नावाने मुखत्यारपत्र होतं तोच गेला. कोणीही म्हणालं असतं की आता गाशा गुंडाळा. रंगो बापूजी म्हणाले नाहीत. महाराजांचा दत्तक मुलगा शाहू होता, राण्या होत्या, त्यांच्या वतीने काम पुढे चालू राहिलं.

मग 5 एप्रिल 1848 रोजी सातारात शहाजी महाराज वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. मरण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. रेसिडेंट बार्टल फ्रेअर आणि मुंबईचा गव्हर्नर क्लार्क यांचं मत दत्तकाच्या बाजूने होतं. पण क्लार्कच्या जागी फॉकलंड आला, कलकत्त्यात डलहौसी बसला होता आणि त्यांनी दत्तक नामंजूर केला. 1849 च्या सुरुवातीला लंडनच्या संचालकांनी शिक्कामोर्तब केलं. सातारचं राज्य खालसा झालं.

डलहौसीने दत्तक नामंजूर करून घेतलेलं हे पहिलं राज्य. त्याच न्यायाने पुढे झाशी गेली, नागपूर गेलं. नानासाहेब पेशव्यांची पेन्शनही बंद झाली. झाशीच्या राणीने अर्ज केले, नागपूरच्या भोसल्यांनी केले, नानासाहेबांनी वकील पाठवला. या सगळ्यांच्या आधी ज्या दारावर धडका मारून झाल्या होत्या ते दार रंगो बापूजींचं. पुढे या संस्थानांचं काय होणार, याची कल्पना सातारच्या फायलींतून आधीच येत होती.

परतीचा प्रवास

राज्य गेल्यावरही रंगो बापूजी पाच वर्षं लंडनला राहिले. 1852 मध्ये बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष हेरीस यांच्या नावे त्यांनी सविस्तर पत्र छापून प्रसिद्ध केलं. 1853 मध्ये कंपनीची सनद पुन्हा पार्लमेंटपुढे येणार होती. हिंदुस्थानच्या कारभारावर बोलायची ती वेळ होती, म्हणून त्यांनी शेवटचा जोर लावला. सनदेचा कायदा झाला, सातारचं काही झालं नाही.

त्याच 1853 मध्ये नानासाहेबांचा वकील अझीमुल्ला खान लंडनला पोचला. दोघांची तिथे गाठ पडली आणि पुढच्या उठावाची बोलणी तिथेच झाली, असं परंपरेने सांगितलं जातं.

कर्ज इतकं झालं होतं की ते फेडल्याशिवाय लंडन सोडणंही शक्य नव्हतं. शेवटी हा माणूस एकदाचा जावा म्हणून कंपनीनेच त्यांचं देणं भागवायला आणि प्रवासाला पैसे दिले. ज्याच्या विरोधात चौदा वर्षं भांडलं त्याच्याच पैशाने परतायची वेळ आली. कुठल्याही वकिलाला याहून कडू घास नसेल. 1853 च्या अखेरीला त्यांनी लंडन सोडलं.

1857

सातारात परतल्यावर त्यांना दिसलं ते राज्य नव्हतं, जिल्हा होता. कलेक्टर होता, मॅजिस्ट्रेट होता. जुने सरदार, मानकरी, शिपाई घरी बसले होते. अर्जाचा रस्ता शेवटच्या दगडापर्यंत चालून आलेला हा माणूस आता दुसऱ्या रस्त्याला लागला. सातारा, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात माणसं जमवायचं काम गुपचूप सुरू झालं. सातारा आणि महाबळेश्वरच्या इंग्रजांवर एकदम हल्ला करायचा, तुरुंग फोडायचा, खजिना घ्यायचा आणि छत्रपतींची गादी पुन्हा उभी करायची असा बेत असल्याचं इंग्रजांचे कागद सांगतात.

बेत फुटला. जून 1857 मध्ये पलटणीतल्या शिपायांना चिथावल्याबद्दल मानसिंग परदेशी यांना सातारात फाशी झाली. धरपकड सुरू झाली. 31 जुलैच्या रात्री कोल्हापुरात 27 वी पलटण उठली. तिच्या जोडीच्या पलटणी बेळगाव आणि धारवाडला होत्या, त्यामुळे इंग्रजांची या भागात गाळण उडाली. बेळगाव आणि धारवाडच्या पलटणी उठण्याआधीच बंदोबस्त झाला. ऑगस्टमध्ये सातारच्या राजघराण्यातल्या मंडळींना मुंबईजवळच्या बुचर बेटावर नेलं आणि पुढे कराचीला ठेवलं.

8 सप्टेंबर 1857 रोजी सातारात गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. पाच फासावर, सहा तोफेच्या तोंडी, सहा बंदुकीच्या गोळीने. फासावर गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

रंगो बापूजी सापडले नाहीत. इंग्रजांनी गावोगाव शोध घेतला, नातेवाइकांची घरं पालथी घातली. वेषांतर करून ते निसटले, साधू झाले, अशा कथा पुढे पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. ज्याचे अर्ज, पत्रकं, निवेदनं लंडनच्या दप्तरांत ढिगाने पडली आहेत, त्याच्या शेवटाचा मात्र एक कागद नाही.

मग हाती काय लागलं?

राजदूताच्या कामाचा ताळेबंद मांडताना लोक तह, सवलती, मिळालेला मुलुख मोजतात. त्या हिशेबाने रंगो बापूजींच्या खात्यावर शून्य आहे. राजा सुटला नाही, राज्य मिळालं नाही, मुलगा गेला, घर उद्ध्वस्त झालं.

पण दुसरी बाजूही आहे. सातारचं राज्य इंग्रजांनी कसं घेतलं हे आज आपण इंग्रजांच्याच छापील कागदांवरून सांगू शकतो. गोव्याच्या तीस हजार फौजेची गोष्ट पोकळ होती, दिवाणाच्या आईच्या नावाचा अर्ज बनावट होता, माजी रेसिडेंट राजाच्या बाजूने बोलले, हे सगळं उजेडात आलं कारण एक माणूस चौदा वर्षं ते विचारत राहिला. तो गप्प बसला असता तर प्रतापसिंह हे कट करणारे राजे म्हणून इतिहासात राहिले असते आणि मुंबई सरकारचा अहवाल हाच शेवटचा शब्द ठरला असता. पुढे सातारच्या बाजूने ज्यांनी लिहिलं, मग ते बामनदास बसू असोत की प्रबोधनकार ठाकरे, त्यांना हाताशी हाच माल मिळाला.

सातारात अजिंक्यताऱ्याच्या अंगाला चार भिंतींचं स्मारक आहे. संध्याकाळी शहर बघायला लोक तिथे चढून जातात, पोरं फोटो काढतात. रंगो बापूजी आणि सत्तावन्नच्या हुतात्म्यांच्या आठवणीशी ही जागा जोडलेली आहे. तिथून सगळं सातारा दिसतं. ज्या शहरासाठी हा माणूस लेडनहॉल स्ट्रीटवर चौदा हिवाळे बसून राहिला, ते हेच.

सीमाभागात निवेदन या शब्दाचं वजन काय असतं हे वेगळं सांगायला नको. निवेदन देणारा बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. पण निवेदनाची नोंद होते, आणि पुढचा माणूस ती नोंद काढून विचारू शकतो. रंगो बापूजींनी सातारच्या गादीसाठी एवढं करून ठेवलं.